ताटावर ठेवलेला हात

आमच्याकडं पंगतीत माणसानं ताटावर हात धरला, की वाढणाऱ्यानं तो हात बाजूला सारून वाढायचं असतं. हात धरणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो बोटं जरा फाकवूनच धरतो, बुंदी खाली पडायला जागा राहावी एवढ्या बेतानं. ज्याचं पोट खरंच भरलं तो सरळ उठतो. हात धरतो त्याला अजून जेवायचं असतं. याला आग्रह म्हणतात आणि माझ्या सासरी, उंद्रीला, त्याचा फार मोठा अभिमान आहे. पुण्याकडचे लोक एकदा विचारतात आणि पुढं जातात, ही गोष्ट तिथं विनोद म्हणून सांगतात.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती बोलत नाही. डॉक्टरांनी कागदावर स्वमग्न असं लिहून दिलंय. मला तो शब्द पटत नाही, कारण ती स्वतःत मग्न वगैरे मुळीच नसते, तिचं सगळ्यांवर बारीक लक्ष असतं. पण दुसरा शब्द कोणी दिला नाही, म्हणून हाच सांगते. तिला एक गोष्ट अजिबात सोसत नाही, कोरड्यावर ओलं. वरणबट्टीतली बट्टी, म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा, ती आवडीनं खाते, कोरडी, कुस्करून. त्याच बट्टीवर कोणी वरण ओतलं की ती ओतणाऱ्याला चावायची.

भासऱ्यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या, मुलीचा साखरपुडा उंद्रीला झाला तेव्हा ओतणारे भासरेच होते. पंगतीत वाढावं तर त्यांनीच, असा त्यांचा गावभर लौकिक. त्यांनी तिच्या बट्टीवर पळीभर वरण घातलं आणि तिनं त्यांच्या मनगटाजवळ असे दात रोवले की रक्त आलं. समोर देऊळगाव राजाचे होणारे व्याही बसलेले.

पाहुणे गेल्यावर घरात बैठक बसली. पोरीला विचारायचा प्रश्नच नव्हता, मलाही कोणी विचारलं नाही. भासरे हाताला हळद लावून बसले होते. म्हणाले, "मोठ्या शहरात एक संस्था हाय, थे अशा पोराइले ठेवून घेतात. तिथी शिकलेले लोक हायेत. लग्नात असं झालं त मले तोंड दाखवाले जागा नाई राहनार."

माझा नवरा भिंतीकडं पाहत होता. तो मलकापूरला, आम्ही राहतो तिथं, सरकीच्या एका व्यापाऱ्याकडं नोकरी करतो आणि आयुष्यभर मोठ्या भावाला हो म्हणत आला आहे. तेव्हाही हो म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि सासूबाईंना म्हणाले, कारण भासऱ्यांशी थेट बोलायची आमच्याकडं रीत नाही, "आई, दादांना सांगा, लग्नापर्यंत थांबा. लग्नात ती कोणाला चावली तर न्या. नाही चावली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

भासरे म्हणाले, "ठीक हाय." एवढं सोपं झालं, कारण ती चावणार याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

मुलीला मी दर शनिवारी एसटीनं घाट चढून बुलढाण्याला एका केंद्रात नेत असे. तिथं वर्तन शिकवतात. पहिल्यांदा तिथं एक साहेब होते. साहेबांकडं रंगीत कार्डांचा गठ्ठा होता आणि कोणतंही मूल आलं तरी त्यातून तीच तीन लक्ष्यं निघायची: डोळ्यात पाहणं, हात मांडीवर ठेवून बसणं आणि रंग ओळखणं. लक्ष्य वर्तन हा शब्द मी त्यांच्याकडूनच ऐकला. कोणतं वर्तन शिकवायचं ते आधी ठरवायचं आणि मग तेवढ्याच्याच मागं लागायचं, अशी ती पद्धत. पद्धत वाईट नाही. पण हे ठरवायचं कशावरून, हा प्रश्न साहेबांना कधी पडला नव्हता, कारण त्यांच्या गठ्ठ्यानं तो आधीच सोडवून ठेवला होता. गुलाबी आणि जांभळ्यातला फरक कळत नाही म्हणून कोणाला घराबाहेर काढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. मुलगी साहेबांच्या डोळ्यांकडं पाहायची, राजगिऱ्याच्या चिक्कीचा तुकडा मिळाला की खिडकीकडं पाहायची. साहेब त्याला प्रगती म्हणायचे. चिक्की नसती तर त्यांच्याकडं कोणीच पाहिलं नसतं, मीसुद्धा नाही.

साखरपुड्यानंतर थोड्याच दिवसांत साहेबांना मोठ्या शहरात नोकरी लागली आणि त्यांच्या जागी चिखलीकडच्या एक मॅडम आल्या. चढा आवाज, जाड चष्मा, आणि समोरचा माणूस आपला वेळ खातोय असा कायमचा चेहरा. मला त्या पहिल्या दिवशी आवडल्या नाहीत. आम्ही दोघी एकाच वळणाच्या होतो, त्याचा तो परिणाम असावा.

त्यांनी आधी कार्डांचा गठ्ठा कपाटात टाकला. मग विचारलं, "घरच्यांचं काय म्हणणं आहे? हिला काय यायला हवं?"

मी सांगितलं. सासूबाईंना तिनं पाहुण्यांच्या पाया पडायला हवं होतं. नवऱ्याला तिनं पप्पा म्हणायला हवं होतं. भासऱ्यांना तिनं काहीच करायला नको होतं, म्हणजे फोटोतल्यासारखं गप बसायला हवं होतं. आणि मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं मला तिनं स्वतःचं नाव लिहायला हवं होतं.

"नाव लिहून काय करेल?" मॅडम म्हणाल्या. "सही लागेल असं सध्या हिच्याकडं काय आहे?"

मला राग आला.

"ताई, असं पाहा," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलेलं सगळं तुमच्यासाठी आहे. पाया पडली, आजी खूश. पप्पा म्हणाली, बाप खूश. त्यात तिला काय मिळालं? मी एवढंच विचारते. हे शिकून तिला रोज, सगळीकडं, काही हाती लागेल का? समोरचा काही करेल, का नुसत्या टाळ्या वाजवेल? आणि हे आल्यावर चावायची गरज उरेल का? तिन्हींना हो येईल असं एकच सांगा."

मी घाट उतरेपर्यंत विचार केला आणि एकही सापडलं नाही. पुढच्या शनिवारी तसं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "नको म्हणणं. ती चावून तेच म्हणते. आपण तिला दुसरी रीत देऊ."

"एवढंच?" मी म्हणाले. "एवढ्यासाठी मी दर आठवड्याला एसटीचे धक्के खाऊ?"

"तुम्हाला येतं का?" त्यांनी विचारलं. "सासरी?"

त्या बाईविषयीचं माझं मत त्या दिवसापासून हळूहळू बदलायला लागलं.

शिकवणं साधं होतं. ताटात कोरडी बट्टी. मॅडम चमच्यात वरण घेऊन ताटाजवळ यायच्या. मी मागं बसून मुलीचा हात अलगद उचलून ताटावर ठेवायचा. हात ठेवला रे ठेवला की चमचा मागं. त्यात जरासाही उशीर करायचा नाही, हसायचं नाही, शाबासकी द्यायची नाही. चमचा मागं जाणं हीच शाबासकी. सुरुवातीला मीच हात ठेवत होते. एका शनिवारी मी उचलायच्या आधीच तो हात ताटावर गेला होता. चमचा मागं गेला. मुलीनं आधी चमच्याकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं, उलटासुलटा करून. तिच्या हातात एवढी ताकद आहे हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर तिनं तो हात जिथं तिथं वापरला. मी फणी घेऊन आले की डोक्यावर हात. शेजारच्या काकू गालगुच्चा घ्यायला वाकल्या की गालावर हात. शाळेत कोणी तिची पाण्याची बाटली उचलली की बाटलीवर हात. आणि मलकापुरात आम्ही सगळ्यांना समजावून ठेवलं होतं, त्यामुळं समोरचा थांबायचा. काकू थांबल्या, जरा फुगल्या, पण थांबल्या. चावणं कमी होत होत बंदच झालं. एका हातानं साहेबांच्या अख्ख्या गठ्ठ्यापेक्षा जास्त काम केलं. मी खूश होते, उघड उघड खूश होते, आणि त्याच खुशीत तिला घेऊन उंद्रीला गेले.

दुपारी जेवायला बसलो. सासूबाई वरणाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन वाढत आल्या. मुलीनं ताटावर हात ठेवला. सासूबाई थांबल्या. आणि त्यांचा चेहरा आनंदानं फुलला.

"पाह्य व माय," त्या म्हणाल्या, "पंगतीतल्यावानी हात धरते. शहानी झाली माही नात." आणि त्यांनी प्रेमानं तिचा हात मनगटाला धरून बाजूला केला आणि बट्टीवर वरण ओतलं.

भासरे बाहेरून आत आले. त्यांना सगळं सांगण्यात आलं. त्यांनाही कौतुक वाटलं, अगदी मनापासून. इतकी वर्षं पोरीला काही समजत नाही असं म्हणत होते, आणि आज तिला आपल्या पंगतीची रीत समजली होती. सासूबाईंनी दुसरं कोरडं ताट वाढलं. भासऱ्यांनी गंज स्वतःच्या हातात घेतला. तिनं हात ठेवला, त्यांनी हसत बोटांच्या फटीतून वरण सोडलं. तिनं दुसराही हात ठेवला. "दोन्ही हात!" भासरे म्हणाले. "आता त दुप्पट वाढा लागन." घरातले सगळे हसत होते. कोणाच्याही मनात वाईट काही नव्हतं. हे मी त्यांच्या बाजूनं सांगत नाही, ही त्या घराबद्दलची तक्रार म्हणून सांगते. वाईट मनात असतं तर निदान त्यांना थांबवता आलं असतं.

मुलगी भासऱ्यांना चावली नाही. तिनं वरणानं भरलेला स्वतःचा उजवा हात तोंडात घेतला आणि त्याच हाताला चावली, अगदी खोलवर. ज्या हातानं तिला फसवलं त्यालाच.

तो गंज भासऱ्यांच्या डोक्यावर उपडा करावा असं मला वाटलं. तसं न करता मी तिला उचललं, नळाखाली तिचा हात धुतला आणि मिळेल त्या गाडीनं मलकापूरला निघाले. वाटेत नवऱ्याचा फोन आला, "काऊन निघून आली? दादा नाराज झाले." मी फोन बंद केला.

पुढच्या शनिवारी मी मॅडमवर तोंड सोडलं. तुम्ही तिला नको शिकवलं, त्या घरात नको म्हणजे आणखी द्या. तुमच्या पुस्तकात हे नव्हतं का? त्या ऐकून घेत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तिचं शिकून झालं, ताई. आता कोणाचं राहिलं?"

"सगळ्या उंद्रीचं."

"सगळ्या उंद्रीला शिकवायला मला पगार मिळत नाही. त्या घरात बाकीचे कोणाचं पाहून वाढतात?"

"भासऱ्यांचं."

"मग लक्ष्य ते. एक माणूस बदलला की दहा बदलतात, तो पकडायचा. त्यांना काय आवडतं?"

"स्तुती," मी म्हणाले. "चारचौघांत."

"फुकटची आहे, भरपूर द्या. पण हात पाहून थांबले तरच. एरवी एक शब्द नाही."

"त्यांना इथं घेऊन येऊ का?"

"मुळीच नाही," मॅडम म्हणाल्या. "ते येऊन मलाच शिकवायला लागतील."

लग्नाला अजून वेळ होता. मी रविवारी उंद्रीला जायला लागले. सासरच्यांना वाटलं सूनबाईंचं डोकं थंड झालं. मी भासऱ्यांच्या देखत त्यांची स्तुती करायची, म्हणजे मला मनावर दगड ठेवावा लागणार होता. मुलीचा हात शिकवणं त्यापुढं काहीच नव्हतं.

पहिल्या रविवारी मी मुलीच्या शेजारीच बसले, तिच्या ताटाच्या बाजूला माझं कोपर येईल अशी. भासरे वरण घेऊन आले, तिनं हात ठेवला, आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा घसरला. तो सावरायला ते क्षणभर थांबले. मी संधी सोडली नाही. सासूबाईंना मोठ्यानं म्हणाले, "आई, दादांचं एक आहे. माणसाचं पोट ते हातावरून ओळखतात. जबरदस्ती करत नाहीत."

ओट्यावर शेजारचे दोघे बसले होते. त्यांनी मान डोलावली. भासरे तिथंच उभे. त्यांनी एकदा गंजाकडं पाहिलं, एकदा त्या दोघांकडं, आणि पुढच्या ताटाकडं सरकले.

पुढच्या रविवारी दुपट्टा घसरला नाही. ते आपण होऊन थांबले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडं पाहिलं. मी स्तुतीचे शब्द दिले. कधी ते हात सारायला जायचे, तेव्हा मी चटणी पाहायची, भिंत पाहायची, जणू ते घरातच नाहीत. ते परत हात मागं घ्यायचे, तेव्हा मी पुन्हा बोलायची. गावात मोठा माणूस म्हणून मिरवणाऱ्या, पंचायतीत बोलणाऱ्या त्या माणसाला हे कळत नव्हतं की तो माझ्या तोंडाकडं पाहून पळी हलवतोय. मला त्याची जी मजा यायची ती लपवून ठेवायचं कारण नाही. मला फार मजा यायची.

मग ते स्वतःच सांगत सुटले. ओट्यावर बसून म्हणायचे, "ज्याले वाढपाची अक्कल नाई थो जबरदस्ती करते. हात पाहाव, समजाव, पुढी जाव." सासूबाईंनी एकदा मुलीचा हात सारायचा प्रयत्न केला तर तेच ओरडले, "काऊन व माय? नाई म्हनते ना थे." मलकापुरात मी काकूंना समजावताना वापरायचे तसलेच शब्द होते, फक्त आता ते त्यांच्या डोक्यातून निघाले होते, असं त्यांचं ठाम मत. मी वाद घातला नाही. मुलीचं एक कडेला पोचा आलेलं स्टीलचं ताट होतं, ती कुठंही गेली की ते बरोबर न्यावं लागायचं. भासरे ते स्वतः पुसून तिच्यापुढं ठेवायला लागले.

लग्न चिखलीच्या वाटेवर एका मंगल कार्यालयात झालं. गर्दीसाठी बुफे होता, त्याला भासरे तुच्छतेनं गुरांची गव्हाण म्हणत होते. व्याह्यांसाठी मात्र खाली बसून पंगत. त्या पंगतीत वाढायला खुद्द वधूपिता, भासरे. आम्ही त्याच रांगेच्या टोकाला बसलो, मुलगी, तिचं ताट आणि मी. माझा जीव त्या ताटात होता. एक पळी चुकली की मुलगी गेली, एवढं सरळ.

भासरे वरणाची बादली घेऊन आमच्यापर्यंत आले. तिनं हात ठेवला. त्यांनी पाहिलं आणि पुढं निघून गेले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, ती मुकाट बट्टी कुस्करत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी ठसक्याच्या नावावर खपवलं.

भासरे रांगेच्या दुसऱ्या टोकाला व्याह्यांपाशी पोचले. व्याह्यांनी ताटावर हात धरला, बोटं फाकवून, रीतीप्रमाणं. भासऱ्यांनी हात पाहिला, समजून मान डोलावली आणि पुढं गेले.

मी ते पाहिलं. आधी मला हसू आलं. मग तो हात व्याह्यांचा आहे हे लक्षात आलं.

व्याह्यांचा हात बराच वेळ ताटावर तसाच होता. नंतर तूप आलं, भासऱ्यांनी हात पाहिला आणि पुढं. बुंदी आली, हात पाहिला आणि पुढं. मुलाच्या मामांचंही तेच, काकांचंही तेच. देऊळगाव राजाची अख्खी रांग हात धरून बसली होती आणि माझे भासरे तृप्त चेहऱ्यानं एकेकाला ओलांडत होते. मधे एकदा त्यांनी लांबूनच माझ्याकडं पाहिलं, स्तुतीसाठी. मी ताटात तोंड घातलं. पाहुण्यांनी स्वतःहून मागायचं असतं, ही गोष्ट त्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलेली नव्हती. ते अर्धपोटी उठले.

हात धुताना मुलाचे मामा कोणाला तरी म्हणत होते, "पंगतीत बसविलं तर खरं, वाढलं कोणी?" पाठवणीपर्यंत ते मांडवभर झालं होतं. नवरी रडत होती, व्याही गाडीत ताठ बसले होते आणि भासऱ्यांना कोणीतरी कानात सांगत होतं. त्यांचं तोंड उतरताना मी पाहिलं. मला त्यांची दया यायला हवी होती. थोडी आलीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उंद्रीच्याच घरात होतो. भासरे रात्रभर हिशेब लावत बसले असणार, कारण सकाळी त्यांना सगळा उलगडा झाला होता. ते प्रथमच सरळ माझ्याशी बोलले.

"व्याही माह्या मांडवातून उपाशी उठला. हे तूच शिकवलं मले. पोरीच्या पायी."

मी म्हणाले, "दादा, ती कोणाला चावली नाही. तुमचा शब्द होता."

"नाई चावली. थ्याच्याहून वाईट झालं." ते नवऱ्याकडं वळले. "म्या फोन केला हाय तिथी. गाडी सांगतली. आजच नेऊन घाल."

नवरा म्हणाला, "दादा म्हणतात तर..." आणि पुढं वाक्य नव्हतंच.

"मी तिला पाठवणार नाही," मी म्हणाले. आवाज चढवून म्हणाले, दोनदा म्हणाले.

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "आईचा जीव हाय, असंच म्हनन," त्या भासऱ्यांना म्हणाल्या. "मंग होते सवय." आणि भासऱ्यांनी मान डोलावली. माझं नाही म्हणणं त्यांनी रीतीतलं धरलं होतं. आईनं एवढं म्हणायचंच असतं, आणि मग हात बाजूला सारून वाढायचं असतं. मी त्या घरात सून म्हणून आल्यापासून जे जे नाही म्हणाले त्याचं काय झालं होतं ते मला त्या क्षणी कळलं, आणि माझा संताप संताप झाला.

भासऱ्यांनी स्वतःच पिशवी काढली. मुलीचे फ्रॉक दोरीवरून ओढून आत कोंबले. स्वेटर कोंबला. चुलीजवळ तिचं पोचा आलेलं ताट धुऊन ठेवलेलं होतं, तेही त्यांनी उचललं आणि पिशवीच्या तोंडाशी नेलं.

मुलगी कोपऱ्यात बसली होती. ती उठली, त्यांच्यापाशी गेली आणि त्यांनी हातात धरलेल्या रिकाम्या ताटावर तिनं हात ठेवला.

मोठं शहर, तिथले शिकलेले लोक, गाडी, यातलं तिला काही कळलं असेल असा दावा मी करणार नाही. तिचं ताट पिशवीत जात होतं आणि ते तिला नको होतं. तेवढं पुरे होतं.

भासऱ्यांचा हात थांबला. त्यांनी थांबवला नाही, तो थांबला. इतक्या रविवारांचा तो हात होता. त्यांनी त्या छोट्या हाताकडं पाहिलं, मनगटाच्या खालच्या त्या दातांच्या खुणेकडं पाहिलं, तिच्या स्वतःच्या दातांच्या, ती अजून गेली नव्हती. मग सवयीनं माझ्याकडं पाहिलं. मॅडमच्या नियमाप्रमाणं मी ताबडतोब काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं.

कोणीही काही बोललं नाही तरी त्यांनी ताट खाली ठेवलं.

"नाई म्हनते थे," ते नवऱ्याला म्हणाले. "गाडीवाल्याले सांग, येऊ नको."

"आन् व्याही?" सासूबाईंनी विचारलं.

"व्याह्याले म्या देऊळगावले जाऊन वाढतो. हात धरून वाढतो. थो वेगळा हात हाय." पिशवी त्यांनी पायानं माझ्याकडं सरकवली. "हे काढ सारं."

मी फ्रॉक एकेक करून बाहेर काढले आणि काढता काढता ढसाढसा रडले. सगळ्यांसमोर. नवरा जवळ येऊन उभा राहिला, त्याला मी दूर हो म्हटलं. तो पहिल्यांदाच लगेच झाला.

दुपारी कालचंच वरण गरम करून जेवायला बसलो. भासरे गंज घेऊन निघाले. मुलीच्या ताटात कोरडी बट्टी होती. ते तिच्याजवळ आले, तिच्यापुढून गेले. या वेळी तिनं ताटावर हात ठेवला नाही. मान वर करून पाहिलंही नाही. ती दोन्ही हातांनी बट्टी कुस्करत होती.